मालिकेतली जाऊबाई आणि डाव्या हातावरचा चट्टा

वास आधी आला

केस कुरळे करायची गरम सळई माझ्या डाव्या हाताला टेकली होती आणि मी आरशात बघत निवांत संवाद म्हणत होते. वास आधी शोभाताईंना आला.

"ओ बाई! हात जळून राह्यला न तुमचा!"

मी खाली पाहिलं. कोपराच्या खाली, बाहेरच्या बाजूला कातडी लाल होऊन वर आली होती. दुखत काहीच नव्हतं. शोभाताई आमच्या नाटक कंपनीच्या मेकअपवाल्या. त्यांनी सळई बाजूला फेकली, माझा हात पाण्याच्या बादलीत बुडवला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी ओरडले कशी नाही, हे त्यांना कळेना. मलाही कळेना.

त्या जागी एक फिकट चट्टा होता, हे मला माहीत होतं. मुंबईत शूटिंगला गेले की तिथली मेकअपवाली त्यावर थोडा जास्त रंग थापायची आणि विषय संपायचा. उन्हाने झालं असेल, साबण बदलला म्हणून असेल, असं म्हणत मी वर्ष घालवलं होतं. आमच्या धंद्यात अंगावरची प्रत्येक गोष्ट दिसते की नाही एवढंच बघतात. चट्टा दिसत नव्हता, म्हणजे तो नव्हताच.

मी सुनंदा. सिंदेवाहीजवळच्या एका खेड्यातली. शाळेत असताना झाडीपट्टीच्या नाटकात पहिल्यांदा तोंडाला रंग लावला. झाडीपट्टी म्हणजे आमचा हा चंद्रपूर-गडचिरोलीकडचा जंगलाचा मुलूख. दिवाळीनंतर इथं गावोगाव नाटकं होतात, रात्रभर चालतात आणि गाव लोटतं. तिथून मी मुंबईला गेले आणि बरीच वर्षं कुणाची तरी मैत्रीण, कुणाची तरी नर्स अशी कामं केल्यावर एका मालिकेत मोठ्या जाऊबाईची भूमिका मिळाली. नायिकेच्या खिरीत मीठ टाकणारी, तिचे दागिने लपवणारी ती मीच. दर हिवाळ्यात मालिकावाले जाऊबाईला माहेरी पाठवायचे आणि मी झाडीत यायचे. इथल्या पोस्टरवर माझा फोटो सगळ्यांत मोठा, खाली 'सुप्रसिद्ध टीव्ही स्टार'. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

त्या संध्याकाळी भाजलेल्या जागेवर मलम लावून मी नाटक केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र माझ्या डोक्यातला किडा वळवळायला लागला. माझा स्वभावच चौकशीखोर. मी त्या चट्ट्यावर बर्फ ठेवला, मग गरम चहाचा कप. टाचणी टोचून पाहिली. शेवटी अंगणातला एक मुंगळा पकडून सोडला. तो आपला आरामात इकडून तिकडे गेला. चट्ट्याच्या कडेबाहेर त्याचे पाय लागायचे, आत आला की गायब. मला भीती वाटायला हवी होती, पण आधी गंमतच वाटली. माझ्याच हातावर अशी एक जागा होती जिथली बातमी मला कळत नव्हती. भीती दुपारी आली, आणि आली ती चांगली दाबून आली.

डोळे मिटा

चंद्रपूरच्या सरकारी दवाखान्यात त्वचेच्या खोलीबाहेर मोठी रांग होती. आतल्या डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान, केस घट्ट बांधलेल्या, हसायची सवय नसलेल्या. त्यांनी हात बघितला, कोपराच्या हाडामागे बोटांनी काहीतरी चाचपलं आणि म्हणाल्या, "डोळे मिटा. मी कापूस लावीन तिथे बोट ठेवा."

आता इथं मला माझ्या धंद्याची एक गोष्ट सांगायला हवी. झाडीपट्टीच्या नाटकाला तालमी थोड्या आणि पानं भरपूर. पडद्याआड प्रॉम्प्टर बसतो, तो ओळ पुटपुटतो आणि आम्ही ती उचलतो. वर्षानुवर्षं असं काम केलं की शब्द ऐकू येण्याच्या आधीच कळतं, आता येणार. श्वास, खुर्चीची करकर, मध्येच पडलेली शांतता, एवढ्यावर नट ओळ फेकतो.

मी डोळे मिटले आणि सवयीने तेच केलं. बाईंच्या बांगडीचा आवाज झाला की बोट ठेवायचं. कापूस लागला का, हे मला कळतच नव्हतं. पण परीक्षेत नापास व्हायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. एकदा, दोनदा, तीनदा जमलं. मला वाटलं, चला, सुटले. मग पुन्हा बांगडी वाजली, मी झटकन बोट ठेवलं आणि बाई म्हणाल्या, "मी अजून हात लावला नाही."

मी डोळे उघडले. त्यांनी नुसता हात हलवला होता.

"तुम्ही काय करता?" त्यांनी विचारलं.

"अभिनय."

"इथे नका करू," त्या म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी बांगड्या काढून टेबलावर ठेवल्या आणि परीक्षा पुन्हा घेतली. या वेळी मी साफ नापास झाले. तो चट्टा तर बधिर होताच, पाठीवर आणखी पाच निघाले. ते मला दिसणं शक्यच नव्हतं.

"कुष्ठरोग आहे," त्या म्हणाल्या. "गोळ्या फुकट मिळतील, साधारण वर्षभर घ्यायच्या. बऱ्या व्हाल. सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत तुमच्यापासून कुणाला लागण व्हायची भीती राहणार नाही."

त्या पुढंही बोलत होत्या, पण मी पहिल्या शब्दावरच थांबले होते. आमच्या गावात त्याला कुष्ठरोग म्हणत नाहीत. रगतपिती म्हणतात, महारोग म्हणतात आणि म्हणताना आवाज खाली करतात. माझ्या डोळ्यांसमोर आलं ते माझं पोस्टर. त्यावर तो शब्द लिहिलेला. मी तिथेच, त्यांच्या टेबलाशी, नाक लाल होईपर्यंत रडले. मालिकेत मी फार सुंदर रडायचे, खरं रडताना माझं तोंड भयंकर दिसतं हे मला त्या दिवशी भिंतीवरच्या आरशात कळलं.

हे वाचणाऱ्याच्या अंगावर असा एखादा फिकट चट्टा असेल, ज्यावर मुंगी चालली तरी कळत नसेल, तर माझ्यासारखं त्यावर रंग थापत बसू नका. जा आणि दाखवा. डोळे मिटायला सांगतील तेव्हा मुकाट्याने नापास व्हा.

आई आणि दादा

हंगाम संपतच आला होता. उरलेले प्रयोग दुसरीवर सोपवून मी गावी आईकडे गेले. घरी आई, दादा आणि वहिनी. मी आईला एकटीला सांगितलं. तिने आधी दार लावलं. मग मला उजेडात बसवून डोक्याच्या भांगापासून पायाच्या बोटांपर्यंत सगळं अंग तपासलं, लहानपणी उवा बघायची तसं. एकेक तीळ बघून विचारायची, "हा होता न पह्यलेपासून?"

"होता, आई."

"आन हा?"

"तोही होता."

सगळं बघून झाल्यावर ती म्हणाली, "तुह्या बापाच्या घराण्यात कोणाले नोहता. आमच्याई नोहता. मंग आला कुठून?"

डॉक्टर काय म्हणाल्या ते मी सांगितलं. हवेतून येतो, कुणालाही होऊ शकतो, पाप वगैरे काही नसतं. आईने ऐकून घेतलं, मान हलवली आणि माझा टॉवेल वेगळ्या खुंटीला टांगला. पण रात्री जेवायला तिने मला तिच्याच शेजारी बसवलं. तिची भीती आणि तिची माया एकाच घरात आपापली कामं करत होत्या, एकमेकींना न विचारता.

दादाने जास्त त्रास दिला. तो ओरडला असता तर मी भांडले असते. तो नुसता माझ्याशी बोलताना एक पाऊल मागे उभा राहायचा. आधी मला वाटलं, मला भास होतोय. मग मी मुद्दाम पुढं सरकून पाहिलं. तो मागे सरकला. मी पुन्हा सरकले. असं करत करत मी त्याला पार गोठ्यापर्यंत नेलं आणि मग मलाच हसू फुटलं. त्याला राग आला. वहिनी मात्र दारात उभी राहून पदर तोंडात कोंबून हसत होती. पुढं त्याच वहिनीने दादाला दवाखान्यात नेऊन बाईंशी बोलायला लावलं, घरातल्या सगळ्यांना तपासून घेतलं. कुणाला काही निघालं नाही. त्यानंतर दादाचं पाऊल पुढं यायला थोडे महिने लागले, पण आलं.

बाकावरची बाई

दर महिन्याला दवाखान्यात जायचं, तिथल्या माणसासमोर पहिला डोस गिळायचा आणि उरलेलं पाकीट घेऊन यायचं. पहिल्या डोसनंतर लघवी लालभडक झाली. मला आधी सांगितलं होतं, तरी मी दचकले. मग दर महिन्याला मी त्या रंगाची वाटच बघायला लागले. गोळी आत जाऊन काम करते आहे, याचा तेवढाच पुरावा माझ्या हातात होता.

बाहेरच्या बाकावर आम्ही सगळे ओढण्या, दुपट्टे, गमछे तोंडाला गुंडाळून बसायचो. कोण कुणाचं नाही, असं. एकदा शेजारची म्हातारी माझ्याकडे टक लावून बघत होती. चिमूरकडची, हातात बोरांची पिशवी. माझी ओढणी जरा सरकली आणि ती ओरडली,

"अवो! तू तं ते मालिकेतली नालायक जाऊ!"

सगळा बाक वळला. आयुष्यात पहिल्यांदा मला ओळखल्याचा आनंद झाला नाही.

"त्या बिचारीच्या खिरीत मीठ टाकलं तू," म्हातारी म्हणाली. "पोटुशी होती ते! मंग हे होईन नाई तं का होईन तुले?"

"आजी, मग तुम्हाला काऊन झालं? तुम्ही कुणाच्या खिरीत टाकलं?"

बाकावरचा एक माणूस खुसकन हसला. म्हातारी विचारात पडली. खरंच विचारात पडली, तिच्या कपाळावर दिसत होतं. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मह्या सासूच्या वरणात. पण एकखेपच." आणि माझ्या ओंजळीत बोरं ओतली.

त्या दिवसानंतर त्या बाकावर ओढण्या जरा सैल झाल्या. लोक मला मालिकेतलं विचारायचे. ती सून खरंच तशी गरीब आहे काय? तुमचे दागिने सोन्याचे की नकली? मालिकेतल्या बंगल्यातली लिफ्ट खरी असते का? मीही त्यांना विचारायचे, तुझं कुठून सुरू झालं, तुला कधी कळलं. मला त्यांच्या उत्तरांची खरोखर उत्सुकता असायची. एकाला चुलीतला निखारा उचलताना कळलं होतं, एकीला चप्पल पायातून निघून गेली तरी ती तशीच चालत राहिली तेव्हा.

रंग

मग माझा रंग बदलू लागला. गोळ्यांमध्ये एक तपकिरी कॅप्सूल असते, तिने कातडी काळवंडते. आधी गाल, मग कपाळ, मग हात. उन्हात रापतो तसा हा रंग नाही, त्यात तांबूस-जांभळी झाक असते आणि अंग कोरडं पडतं. मी रोज सकाळी आरशासमोर जाऊन बघायचे, काल कुठपर्यंत आला होता, आज कुठपर्यंत. नवीन बाई दिसायची. ती कशी हसते, कशी रागावते, हे मी तिला करून बघायला लावायचे. सांगू? जाऊबाईपेक्षा तिचा राग जास्त खरा दिसायचा.

मालिकेच्या माणसांना असली उत्सुकता नव्हती. आजारपण म्हणून मी रजा वाढवली होती. आजार कोणता ते सांगितलं नव्हतं. त्यांनी व्हिडिओ कॉल केला. पलीकडचा तरुण मुलगा सभ्य होता.

"मॅडम, स्किनला काय झालंय? तुम्ही उन्हात फिरताय का?"

"औषधाने झालंय. वर्षभराने जाईल."

"वर्षभर?" तो हसला. "मॅडम, जाऊबाई गोऱ्या आहेत. लोकांना अचानक कसं समजावणार? औषध बदलता येत नाही का?"

मी तो प्रश्न तसाच दवाखान्यात घेऊन गेले. आणि खरं सांगते, माझ्याही मनात तोच होता. त्या आठवड्यात मी ती तपकिरी कॅप्सूल तळहातावर घेऊन बराच वेळ बसायचे. एवढीशी. ती नाही घेतली तर मी पुन्हा गोरी होईन, मुंबईचं काम राहील, पोस्टर राहील. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं आणि माझी करंगळी हातात धरली.

"रंग हळूहळू परत येतो," त्या म्हणाल्या. "औषध सोडलं आणि नस गेली तर हे बोट परत येत नाही. ठरवा."

मी करंगळीकडे बघितलं. अभिनयात बोटांना किती काम असतं, याचा विचार कधी केला नव्हता. मी गोळी घेतली.

मालिकेने जाऊबाईला मारलं. माहेराहून येताना गाडीचा अपघात. आम्ही घरी सगळे टीव्हीसमोर बसलो होतो. भिंतीवर माझा हसरा, गोरापान फोटो, त्याला चंदनाचा हार, समोर समई. नायिका हुंदके देत होती. मला तर बघायचंच होतं की फोटो कोणता निवडला. आईने मात्र उठून टीव्हीची वायरच उपटली.

"जितीजागती पोरगी समोर बसून हाये मही," ती म्हणाली, "आन हे हार घालून राह्यले!" नंतर पुढं जाऊन तिने खुंटीवरचा माझा टॉवेल काढला आणि त्यालाच डोळे पुसले.

मुंबई गेली होती. आता उरली होती झाडी.

मनोहरभाऊंची अट

दिवाळी झाली आणि मी कंपनीत हजर झाले. गोळ्या चालूच होत्या, संपायला थोडे महिने होते. आमच्या कंपनीचे मालक मनोहरभाऊ. त्यांना मी सगळं खरं सांगितलं. डॉक्टरांची चिठ्ठीही दाखवली, की माझ्यापासून कुणाला धोका नाही. त्यांनी ती वाचली, पुन्हा वाचली.

"मले काई नाई बाई," ते म्हणाले. "पण गावावाल्यायचं काय? कलाकार त्यायच्या घरी उतरते, त्यायच्या घरी जेवते. एका गावात बोंब झाली का मोबाइलवर सारी झाडी बंद. तुमचंच नाई, कंपनीतल्या साऱ्यायचं पोट हाये."

ते खोटं नव्हतं. आमच्याकडे नटनट्यांना हॉटेलात ठेवत नाहीत. नाटक ठरवणाऱ्या गावच्या मंडळाच्या लोकांच्या घरी उतरवतात, घरची माणसं पाटावर बसवून जेवू घालतात, जाताना बाया ओटी भरतात. मी हो म्हणाले. कुणाला बोलायचं नाही, बाह्या लांब ठेवायच्या, तोंडावर रंग जाड लावायचा. शोभाताईंनी नवीन छटा तयार केली आणि हॅलोजनच्या उजेडात मी पुन्हा मी दिसायला लागले. पहिले काही प्रयोग दणक्यात झाले. मला वाटलं, निभावलं.

मंडईचं गाव

मग ते गाव आलं. नाव मुद्दाम लिहीत नाही आणि इथल्या माणसांची नावंही बदलली आहेत. त्या दिवशी गावात मंडई होती, म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा. दिवसा शंकरपट, बैलांच्या शर्यती, आणि रात्री आमचं नाटक. अशा दिवशी घरोघरी पाहुणे येतात, आणि आलेल्या पाहुण्यांना लग्नाच्या पोरी दाखवायचीही पद्धत आहे. नाटकाच्या निमित्ताने कितीतरी सोयरिकी जुळतात.

मी उतरले होते मंडळाचे अध्यक्ष देवरावभाऊंच्या घरी. त्यांची मुलगी प्रणाली, कॉलेजात जाणारी, सकाळपासून माझ्या अवतीभवती. दुपारी मी आतल्या खोलीत नाटकाआधीच्या सत्कारासाठी तोंड रंगवत होते, शोभाताई साड्यांना इस्त्री करत होत्या. प्रणाली आत आली, दार ओढून घेतलं.

"बाई, तुमच्या रंगातला थोडासा मले लावता काय?"

"तुला कशाला? तुझा चेहरा छान आहे की."

"तोंडाले नाई." तिने ब्लाउजची बाही वर केली. दंडाच्या मागच्या बाजूला रुपयापेक्षा मोठा, फिकट, कोरडा चट्टा. "ब्रम्हपुरीचे पाहुणे आले न. माय म्हणे, नवीन ब्लाउजच घाल. त्यातून हे दिसते."

माझा हात रंगाच्या डबीवरच थांबला.

"खाजतं का?"

"काहीच नाई होत. तेच तं. मांगं भाताचं गरम पाणी उडालं तं मले समजलंच नाई, मायनं सांगतलं."

शोभाताईंनी इस्त्री उभी केली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. नाही, नाही. मला त्यांचा अर्थ कळला होता. दोन बोटं रंग लावला की काम संपत होतं. पोरगी खूश, पाहुणे खूश, रात्री नाटक. आणि मी बोलले तर बाहेर भोंगा लावून फिरणाऱ्या ऑटोतून जे माझं नाव पुकारलं जात होतं, ते संध्याकाळपर्यंत बंद झालं असतं. या गावात तरी, आणि नंतर सगळीकडे.

माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. एक वर्ष मी चट्ट्यावर रंग थापला होता. तिच्या दंडावर आणखी किती वर्षं थापला जाईल? लग्नानंतर, सासरी, लांब बाह्यांखाली?

मी पर्समधला कापूस काढला. "डोळे मीट. जिथं लागेल तिथं बोट ठेव."

ती बिचारी प्रामाणिक. डोळे मिटून शांत उभी राहिली. मी चट्ट्यावर कापूस फिरवला, पुन्हा फिरवला.

"लावा न बाई," ती म्हणाली.

मी माझी बाही वर केली, ओल्या रुमालाने हातावरचा रंग पुसला आणि तिला डोळे उघडायला सांगितले. मग सगळं सांगितलं. शब्द कोणता, गोळ्या कोणत्या, रंग का बदलतो, आपण बऱ्या कशा होतो. मला वाटलं ती मागे सरकेल. ती पुढं आली. माझ्या हाताकडे वाकून बघितलं, बोट लावलं.

"टीव्हीवर होते तवाई होता काय?"

"होता. दिसला का?"

"नाई." जरा वेळाने, "मंग गोळ्या खाऊन नाटक करता येते?"

"बघतेच आहेस."

ती रडली नाही, दार उघडून मायकडे गेली.

भिंतीपलीकडे बायांची कुजबुज सुरू झाली. पाहुण्यांना पोरीचं पोट दुखतं असं सांगितल्याचं कानावर आलं. शोभाताई साड्या पेटीत भरायला लागल्या.

"का करून बसले बाई तुमी," त्या म्हणाल्या, पण त्यांचा आवाज रागाचा नव्हता. मीही माझी बॅग आवरली. आपल्याला हाकलायच्या आधी आपण उठलेलं बरं, एवढं शहाणपण मला मुंबईने शिकवलं होतं. ही झाडी गेली तर माझ्याकडे नटी म्हणून काहीच उरत नव्हतं.

देवरावभाऊ दारात आले. डोक्यावर अजून शंकरपटातला मानाचा फेटा. बॅगेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"पोरीनं सांगतलं ते खरं हाये? तुमाले हाये?"

"हो, भाऊ. आम्ही निघतो. मनोहरभाऊंना माहीत होतं, पण बोलले मी, त्यांना काही म्हणू नका."

ते आत आले. खुर्ची होती तरी जमिनीवर बसले, माझ्या पायाजवळच. फेटा काढून मांडीवर ठेवला.

"बाई," ते म्हणाले, "गोळी किती मोठी राह्यते?"

मला आधी प्रश्नच कळला नाही.

"पोरगी लहानपणापासून गोळी गिळत नाई," ते म्हणाले. "बुखाराची गोळीई तिची माय गुळात कुस्करून देते. हे कुस्करता येईन काय?"

मी बॅग उघडून पाकीट काढलं. त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, उलटंसुलटं केलं, एकेका गोळीवरून अंगठा फिरवला.

"ह्या कॅप्सूल आहेत, भाऊ. कुस्करायच्या नाहीत. पण पहिल्या वेळी मी तिच्याजवळ बसते. मलाही जमत नव्हतं, शिकवते."

त्यांनी मान हलवली. पाकीट परत दिलं, उठले, फेटा पुन्हा डोक्यावर नीट बसवला. बाहेर ऑटोचा भोंगा माझं नाव घेत चौकातून पुढं गेला, त्याला कुणी थांबवलं नव्हतं.

"बॅग ठेवा खाली," ते म्हणाले. "नाटक सुटलं का सकाळी मही मोटरसायकल काढतो, दवाखान्यात जाऊ. पोरीले मधात बसवू, तुमी मांगं बसा. आन घट्ट धरून बसजा तिले, रस्ता लय खराब हाये."